मनगटातली गाठ

लोडशेडिंगच्या अंधारात पोरं पायरीवर जमली की आत्मारामकाका हीच गोष्ट काढायचे. "ऐकीव नाही रे. गोखिवऱ्याचा प्रणव, माझ्या चांगल्या ओळखीचा. दोन हजार चार, सतरा फेब्रुवारी, मंगळवार, रात्री पावणेबारा."

प्रणव एमआरआयला निघाला होता. दिवसाचे नंबर भरलेले, रात्रीचा मिळाला. उजव्या मनगटात, मज्जातंतूवर गाठ. बोटं बधिर. डॉक्टर म्हणाले होते, गाठ कडेला असेल तर सोलून काढू. आरपार गेली असेल तर हात कामातून गेला. आणि कामणच्या गोदामात दिवसभर खोकी बांधणाऱ्याला हाताशिवाय कोण ठेवतंय?

बापाने दोन वर्षं ती गाठ तेल लावून रगडली होती. "माझी जिरली, तुझीही जिरेल." म्हाताऱ्यांना स्वतःचं अंग म्हणजेच शास्त्र वाटतं.

सेंटरवर ऑपरेटर संपदाने शर्ट उतरवायला लावला. दंडाला काळ्या दोऱ्यात लोखंडी खिळा.

"हे काय?"

"बाबांनी बांधलंय. रात्री बाहेर पडताना अंगावर लोखंड हवं म्हणे."

"आत लोहचुंबक आहे हो! काढा आधी."

सोबत आलेला बाप दारात भडकला. "काढा, काढा! आता पोराजवळ कोण आलं तर मी जबाबदार नाही."

"तुम्ही कशाला जबाबदार असता?" प्रणव म्हणाला. भांडायचंही त्राण नव्हतं.

हात डोक्यावर ताणून तो नळीत पालथा पडला. हात थरथरत होता. दोनदा चित्र पुसट आलं.

"शेवटचं घेते," स्पीकरमधून संपदा म्हणाली. "हललात तर पुढचा नंबर महिन्याने."

ठक. ठक. ठक.

थरथर थांबेना...

मग कुणीतरी त्याची मूठ धरली. घट्ट. गार.

हात थांबला.

संपदाच असेल, त्याला वाटलं. तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"प्रणव... तुमच्या हाताशी कोण आहे?"

तो बोलला असता तर हात हलला असता...

ठक.

मशीन थांबलं. पकड सुटली. तो बाहेर सरकला. खोली रिकामी. काचेपलीकडे संपदा, तोंडावर हात.

चार दिवसांनी डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "स्वच्छ आलीय. गाठ कडेला आहे. हात वाचला."

"बघ!" बाप म्हणाला. "रगडूनच कडेला सरकली."

डॉक्टर हसले नाहीत. ते फिल्ममधल्या मुठीकडे बघत होते. पेनाचं टोक टेकवत त्यांनी बोटं मोजली. पुन्हा मोजली.

नऊ.