जिव्हाळ्याचं कलम

न्यायालयाच्या व्हरांड्यात एक माणूस भिंतीशी बोलत होता.

तोंड भिंतीकडे, हातवारे चालू, आणि आवाज असा बसलेला की भिंतीलाही नीट ऐकू जात नसावं. बाहेर रिपरिप चालली होती. मी बाकावर ओली छत्री सांभाळत बसले होते. शिकवणाऱ्या बाईला कुणाचा बसलेला घसा बघवत नाही, आमचं पोटच त्यावर चालतं. मी पर्समधून एक लवंग काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"चावू नका. गालात धरा, आणि रस हळूहळू गिळा."

त्यानं आधी लवंगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ...

"तुम्ही डॉक्टर?"

"त्याहून वाईट. शिक्षिका."

"मग ऐकायलाच हवं," तो म्हणाला आणि हसला. हसूसुद्धा घोगरं.

थोड्या वेळानं पुकारा झाला, आणि तोच माणूस काळा कोट सावरत आमच्या शाळेच्या विरुद्ध उभा राहिला. आवाज कसा खणखणीत! आमच्या वकिलांची बोबडीच वळली. मी शाळेतर्फे खटला ऐकायला गेले होते, आणि माझ्याच लवंगेवर माझीच शाळा हरली. मुख्याध्यापकांना हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

खरं म्हणजे शाळा हरली याचं मला मनातून बरंच वाटलं होतं. ज्या मुलीसाठी तो लढत होता, ती माझ्याच वर्गातली. ऊठसूट 'का?' विचारायची, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव पडलं होतं का-बाई. पालकसभेच्या दिवशी का-बाईंनी शाळेच्या फाटकावर भलामोठा कागद चिकटवला — 'प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप आहे. का?' दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी तिला शाळेतून काढून टाकलं. ना विचारपूस, ना चौकशी. तिचे वडील बस चालवायचे. ते हात जोडून आले, त्यांनाही फाटकावरूनच परत पाठवलं.

न्यायालयानं सांगितलं, शिक्षा करायचा हक्क शाळेला आहे, पण मुलाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाही. दोन्ही बाजूंनी बसून नवे नियम करा, आणि त्या नियमांनी तिची सुनावणी घ्या. तोवर ती वर्गात बसेल.

तिच्या बाजूनं बसायला तो वकीलच आला. शाळेच्या बाजूनं मुख्याध्यापकांनी मला बसवलं, कारण बाकी कुणाला शनिवार दुपार सोडवत नव्हती.

सगळे घरी गेल्यावर रिकाम्या शिक्षक-खोलीत आम्ही समोरासमोर बसायचो. छताचा पंखा करकर वाजायचा. तो एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचा, मी खोडायची.

"'सदर विद्यार्थ्यास आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी देण्यात यावी.'"

"मुलांना कळेल असं लिहा हो वकीलसाहेब. 'आधी ऐका, मग शिक्षा करा.'"

"इतकं सोपं लिहिलं तर आमचा धंदा कसा चालायचा?"

"लवंगा विका. तुम्हाला गुण आलाय."

तो हसायचा तेव्हा डावी भुवई आधी वर जायची. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं... पण माहीत झालं होतं. घरी आईच्याही लक्षात आलं होतं. "एवढी वर्षं रविवारी केस धुवायचीस," ती म्हणाली, "हल्ली शनिवारी सकाळी कसे?" मी म्हटलं, पाण्याची वेळ बदललीय. आई म्हणाली, हो का, मला कुणी सांगितलं नाही.

एका शनिवारी आम्ही सुनावणीच्या समितीपाशी पोचलो. बाहेरचा एक जाणता माणूस, एक पालक आणि मुलाला शिकवणारा एक शिक्षक. त्याखाली त्यानं लिहिलं : 'ज्याचा कुठल्याही बाजूशी जिव्हाळ्याचा संबंध असेल, त्यानं समितीत बसू नये.'

"जिव्हाळा कशानं मोजणार?" मी विचारलं. "थर्मामीटरनं?"

"ज्याला असतो त्याला कळतं."

"आणि त्यानं लपवला तर?"

"मग निकाल कितीही चांगला लागो, उद्या कुणीही तो मोडू शकतं." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मग एकदम बघितलं...

मला काय सुचलं कोण जाणे. मी त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि 'कुठल्याही बाजूशी' पुढे लिहिलं — 'वकिलांसकट.'

"हे कशाला?"

"वकिलांवर माझा भरवसा नाही."

पेन परत देताना बोटाला बोट लागलं. पुढचं कलम त्या दिवशी लिहून झालंच नाही. मी खिडकीबाहेर बघत बसले, तो टोपण काढत-लावत बसला, आणि शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा दोघंही एकदम उठलो.

समितीत शिक्षक म्हणून माझं नाव आलं. मी नाही म्हटलं, तर माझ्या जागी गणिताचे सर बसणार होते. माणूस वाईट नाही, पण मुलांनी प्रश्न फक्त वहीत सोडवावेत असं त्यांचं मत. मी असले तर का-बाई शाळेत राहते, ते असले तर जाते, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी मनाला बजावलं, भुवईबिवई सगळं सुनावणीनंतर. तोपर्यंत दोघांनी तोंड उघडायचं नाही. त्यानंही बहुधा तेच ठरवलं असावं, कारण शेवटच्या शनिवारी दारापर्यंत जाऊन तो परत आला, "मॅडम, एक..." म्हणाला, आणि "काही नाही" म्हणून गेला.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. का-बाई दोन घट्ट वेण्या घालून, वडिलांचा हात धरून बसली होती. शेजारी तो. बाहेरचा जाणता माणूस म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आले होते. चष्मा पुसत त्यांनी आमचंच कलम वाचलं. "कुणाचा असा संबंध असल्यास आत्ताच सांगावं."

साधा प्रश्न. गप्प बसले असते तरी पुढे सरकला असता.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं अगदी किंचित मान हलवली. नको.

ज्यानं तो नियम लिहिला, तोच तो मोडायला सांगत होता! मला ते सोसवेना. आणि वर्गात रोज खरं बोला म्हणून घसा कोरडा करायचा, आणि का-बाईसमोर आपणच खोटेपणानं गप्प बसायचं... मी उठले.

"माझा आहे, सर."

"मुलीशी?"

"नाही. मुलीच्या वकिलांशी."

मुख्याध्यापकांना चहाचा ठसका लागला. न्यायाधीशांनी चष्मा चढवला. "संबंध कोणत्या स्वरूपाचा?"

"त्यांना अजून सांगितलेलं नाही," मी म्हटलं. कानशिलं तापली होती. "पण माझ्या बाजूनं आहे."

एवढी मोठी कबुली, आणि तीही भर सभेत! मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. तो का-बाईकडे बघत होता.

माझ्या खुर्चीवर गणिताचे सर बसले. का-बाईचं सगळं ऐकून घेतलं, अगदी नियमाप्रमाणे. तिला पाणी विचारलं, वेळ दिला, मध्येच कुणी बोललं नाही. आणि मग दोन विरुद्ध एक मतानं ठरवलं, की तिनं शाळा सोडावी.

तो पुन्हा न्यायालयात गेला. मीही गेले, या वेळी कुणी न पाठवता. निकाल फार वेळ चालला नाही. न्यायालय म्हणालं, मुलीला आपलं म्हणणं मांडू दिलं, संबंध असलेली सदस्य आपणहून बाजूला झाली, नियम उत्तम आहेत आणि ते तंतोतंत पाळले. पद्धत इतकी चोख असताना शाळेच्या मताच्या जागी आम्ही आमचं मत घालणार नाही. न्यायाधीशांनी आमच्या नियमांचं कौतुकसुद्धा केलं. इतर शाळांनी आदर्श घ्यावा म्हणाले. आम्ही दोघांनी जीव ओतून एक भिंत बांधली होती, आणि पोर तिच्या बाहेर राहिली.

पायऱ्यांवर तो भेटला. कोट हातावर टाकलेला.

"मी मान हलवली होती," तो म्हणाला.

"दिसली होती. म्हणून तर उठले."

"का?"

"मी गप्प बसले असते तर तुम्हीही त्या खोट्यात आला असतात, आणि मग मला तुम्ही आवडेनासे झाला असतात. मला ती भीती वाटली." मग राहवेना. "माझी बाजू तर सगळ्या गावानं ऐकली. तुमची राहिलीय."

त्यानं पायऱ्यांखाली पाहिलं. खाली रस्त्यावर का-बाई आणि तिचे वडील त्याची वाट बघत उभे होते. दुसऱ्या शाळेत विचारायला जायचं होतं.

"माझ्याही बाजूनं आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. पण मॅडम... तुम्ही समोर आलात की मला आता तीच दिसते. आपण सुखी झालो, आणि ती शाळेबाहेर... मला नाही जमायचं."

"मी थांबेन."

"नका थांबू."

मला त्याचा राग आला. तो बरोबर बोलत होता याचा जास्त आला. मी केलं ते चुकीचं नव्हतं, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उठेन, आणि तरीही त्या पायऱ्यांवर मला वाटत होतं की त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं. ते वाटणं अजून गेलेलं नाही.

तो उतरून गेला. त्यानं पोरीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि तिघं निघाले. कोपऱ्यावर का-बाईनं वळून मला हात केला. मीही केला, चांगला उंच केला.

तो वळला नाही. वळला असता तर मी धावत गेले असते, आणि ते त्यालाही माहीत होतं.