रॅम्पखालची खोली

चौऱ्याण्णव सालचा मे महिना. मंगळवारची दुपार. काम साधं होतं. माझा माइक आणि ॲम्प्लिफायर उचलायचा, भांडारात जमा करायचा आणि पावती घेऊन घरी यायचं.

मी चांगदेव. कल्याणच्या दुमजली बसस्थानकात बारा वर्षं घोषणा करायचो. "टिटवाळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे," हा आवाज माझाच. बायको म्हणायची, घरात तोंडातून शब्द फुटत नाही आणि तिथे अख्ख्या गावाचे कान किटवता.

ब्याऐंशी साली ती इमारत उभी राहिली, तेव्हा लोक बायकापोरांना घेऊन नुसती बघायला यायचे. खाली बसगाड्या, वर दोन मजले मोटारी ठेवायला, आणि बाजूने वर चढत जाणारा वळणदार रॅम्प. गावात मोटारी होत्या किती? चार डॉक्टरांच्या आणि दहा वखारवाल्यांच्या. वरच्या मजल्यावर पोरं क्रिकेट खेळायची. पण आम्हाला अभिमान होता बघा. खाडीच्या भरावावर बांधलेली. खाऱ्या पाण्याने खांबांतलं लोखंड खाल्लं, तडे गेले आणि बारा वर्षांत पाडायची वेळ आली. घरातलं माणूस जावं तसं वाईट वाटलं मला.

मी पोचलो तेव्हा घण बंद होते. सिमेंटच्या धुळीने घसा खवखवत होता, आणि त्या धुळीतही जुन्या डिझेलचा वास होताच. पाडकामाचा मुकादम धोंडीबा सावलीला बिडी ओढत बसला होता.

"जेवणाची सुट्टी का?" मी विचारलं.

"नाय साहेब. उद्या रॅम्प पाडायचाय, पण माणसं हात लावीनात." त्याने आवाज खाली आणला. "खाली ती बंद खोली हाय ना... तिथं कोणतरी बोलतं."

"काय बोलतं?"

"आये आली का... एवढंच. बारकी पोर बोलल्यावानी."

आमच्या घरात भूतबीत चालत नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत आणि मी त्या पाळतो. एरवी धोंडीबाला चांगला झापला असता. पण त्या दिवशी मी तिथेच विटांच्या ढिगावर बसलो.

कारण ती खोली माझी होती. पहिली चार वर्षं चौकशी आणि माइक त्या रॅम्पखालच्या खोलीत होता. शहाऐंशी साली, अंगारकीच्या आदल्या दिवशी, आम्हाला दुसऱ्या टोकाच्या नव्या खोलीत हलवलं. अंगारकीला टिटवाळ्याच्या गणपतीला जाणारी एवढी गर्दी, की स्थानकात पाय ठेवायला जागा नाही. दुपारी एक कोळीण धापा टाकत खिडकीशी आली. जनी तिचं नाव. खाडीकडेच्या वस्तीतली. अंगारकीला मासळी कोण घेतंय, म्हणून मोकळी होती. आठ वर्षांच्या लेकीला देवाला न्यायला निघाली आणि गर्दीत पोरीचा हात सुटला.

मी तिला आत बसवलं आणि माइक उघडला. "मंजुळा नाथा कोळी, वय वर्षे आठ, अंगात हिरवं परकर-पोलकं. जिथे असेल तिथून रॅम्पखालच्या खोलीत यावे. आई वाट पाहत आहे." तीन वेळा सांगितलं. चार वर्षांची सवय. जीभ आपोआप वळत होती. आई माझ्यासमोर नव्या खोलीत बसलेली, आणि मी पोरीला स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला कुलूपबंद दाराशी धाडत होतो.

दिवे लागायच्या वेळी चूक ध्यानात आली. धावत गेलो. तिथला पानवाला म्हणाला, "हिरव्या परकरातली पोर लई वेळ उभी होती. मी बोललो घरी जा, तर बोलते, काकांनी इथंच थांबायला सांगितलंय." ती कधी गेली, कोणाबरोबर गेली, त्याने पाहिलं नव्हतं. पोलीस झाले, खाडी धुंडाळली. पोर मिळाली नाही.

मी कोणाला बोललो नाही. रडण्याच्या भरात जनीने शब्द धड ऐकले नव्हते; ती समजून चालली की पोरीला आवाजच ऐकू गेला नाही. नोकरीची भीती होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त तिच्या तोंडाकडे बघायची भीती होती. त्यानंतर दर अंगारकीला ती यायची, म्हणायची, "दादा, एकदा नाव घे तिचं." मी घ्यायचो. आठ वर्षं.

विटांवर किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मग उठून माझ्या नव्या खोलीत गेलो, तर दाराशी जनीच उभी. आठ वर्षांत केस पार पांढरे झालेले.

"दादा, हे समदं पाडतान म्हंतान," ती म्हणाली. "आता माजी पोर यल ती खय यल? तुजा भोंगा पन काढला. मना येकदाच नाव घेऊन दाखव. मंग नाय येणार मी."

उद्या तो रॅम्प पडणार होता. त्याच्याखाली जे कोणी उभं होतं, ते कोणाच्या शब्दावर उभं होतं हे जगात फक्त मला माहीत होतं. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पानवाल्याचं बोलणंसुद्धा.

ती रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराने हळूहळू तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग बोलव तिला. नीट बोलव."

माइकची वायर सोमवारीच तोडली होती. तरी मी तो तोंडासमोर धरला; मला दुसऱ्या कशाने बोलताच येत नाही. "मंजुळा नाथा कोळी... रॅम्पखाली थांबू नये. नव्या खोलीत यावे. आई... आई इथे आहे."

बाहेर ऊन रणरणत होतं. कुठे कावळासुद्धा नव्हता. मग लांबून, मोकळ्या फलाटांवरून, अनवाणी पावलं पळत आल्याचा आवाज आला. मला काही दिसलं नाही. जनी मात्र उठली, खाली वाकली, आणि तिच्या हाताची मूठ अशी मिटली की त्या मुठीत काहीतरी आहे हे मला दुरूनही कळलं.

"कवरी वाळलीस गो..." ती म्हणाली.

मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. जनी तिच्याशी बोलत बोलत चालायला लागली. दाराबाहेर पडल्यावर मागे वळून पाहिलं आणि थबकली.

"दादा... हिच्यामागं ही बाकीची कोनाची?"

अंगारकीला हरवलेली मंजुळा एकटीच नव्हती. त्या दिवशी सकाळपासून मी हरवलेल्या पोरांची नावं एकामागून एक पुकारत होतो, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी धाडत होतो. तक्रार घेऊन परत कोणी आलं नाही, म्हणून मी समजलो की ती आपापल्या माणसांना सापडली, आणि नावं विसरून गेलो.

जनी गेली. मी दार-खिडकी लावून घेतली आणि कड्या सरकवल्या. बाहेर श्वास ऐकू येत होते... बरेच. मग खिडकीच्या अगदी खाली, बारीक आवाजात, "काका, माझं पण नाव घ्या ना."

मी हळूच विचारलं, "काय नाव बाळा तुझं?"

मग तोच आवाज म्हणाला, "ते तुम्हालाच माहीत ना."