गुडघाभर पाणी

त्या मंगळवारी दुपारी बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी मुक्ता तलासरीच्या पुढच्या फाट्यावर जीपमधून उतरली. कडेवर चार वर्षांची दक्षा. सासूबाई लग्नाला गेलेल्या, पोरीला ठेवणार कुणाकडे?

काम तसं किरकोळच होतं. मुक्ता आशागडला राहते आणि फिरायच्या जागांवर लेख लिहून देते, कधी या वेबसाइटला, कधी त्या. जुन्या दगडखाणीत साठलेल्या इथल्या तळ्यावर तिनं वर्षापूर्वी लिहिलं होतं. आता त्या वेबसाइटवाल्यांना ताजा फोटो हवा होता. खरं सांगायचं तर ती तळ्यावर कधी गेलीच नव्हती. तेव्हा दक्षाला ताप होता. तिला मांडीवर घेऊन, कुणाचा तरी व्हिडिओ बघून तिनं घरीच लिहून टाकलं होतं, ‘पाणी गुडघाभरच. लहान मुलांना डुंबायला झकास.’

“ताई, पोर घेऊन पाण्याजवळ नका जाऊ हां,” जीपवाला काकड्या म्हणाला. “आमच्या पाड्यातलं कोणी त्यात पाय घालत नाही. तळच नाही त्याला.”

“पण… गुडघाभर आहे ना?”

“तुम्हीपण वाचलंत वाटतं!” तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, “होळीच्या टायमाला एक बाई तेच वाचून आली. हाताशी छोटी पोरगी. परतीच्या फेरीला मी हॉर्न वाजवत बसलो… कोण आलं नाही.”

मुक्ताला तिथूनच परतावंसं वाटलं. पण जीप गेली ती तासाभरानंच येणार होती. लांबूनच फोटो काढू, असं मनाशी म्हणत ती चालू लागली.

ऊन रणरणत होतं. ताडाची झाडं उभी, पण झावळ हलत नव्हती. कावळासुद्धा ओरडत नव्हता. एवढ्या कोरड्या फुफाट्यात वास मात्र येत होता ओल्या कपड्यांचा, घडी घालून विसरलेल्या.

काठावर पाठमोरी एक बाई बसली होती. छोटा फ्रॉक पिळत होती. पिळत होती आणि पाणी संपतच नव्हतं.

“आलात?” मान न वळवता ती म्हणाली. “पाणी गुडघाभरच. लहान मुलांना डुंबायला झकास… तुम्हीच ना लिहिलंत, ताई?”

मुक्ता दोन पावलं मागे सरली.

“माझी उतरली,” बाई हळूच म्हणाली. “अजून तिचा गुडघा बुडतोच आहे… तुमचीला पाठवा ना सोबतीला. एकटी भिते हो ती.”

मुक्ता जी पळत सुटली ती फाट्यावरच थांबली. दक्षाला तिनं अशी आवळली होती की पोर कळवळून रडत होती. एकदासुद्धा कडेवरून खाली सोडलं नव्हतं तिला. जीप आली तेव्हा काकड्या तिच्याकडे बघतच राहिला.

“ताई, सांगितलं होतं ना… पाण्यात कशाला उतरवलीत?”

दक्षाचे पाय ओले होते. बरोबर गुडघ्यापर्यंत.

त्या संध्याकाळीच मुक्तानं ती ओळ काढायला लावली. पण तोवर दहा जणांनी ती जशीच्या तशी उचलून आपापल्या पानांवर टाकली होती. त्यांना फोन केले, हातापाया पडली. कोण ऐकतं?

आता रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दक्षा झोपेतून दचकते आणि तिचे पाय ओले असतात. मुक्ता पुसते, कोरडे मोजे घालते, उराशी धरून बसते. ओल गुडघ्याच्या वर जात नव्हती. परवा काकड्याचा फोन आला. “ताई, आज परत कोणीतरी आलेले. नवराबायको आणि पोरगा. मी हॉर्न वाजवून वाजवून दमलो…”

त्याच दुपारी ओल दक्षाच्या कमरेपर्यंत चढली होती.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. ती ओळ तुम्हाला कुठंही दिसली, कुणी पाठवली, तर पुढच्या माणसाला एवढं कळवा, की पाणी गुडघाभर नाही. लेकरं घेऊन जाऊ नका. आजच कळवा… दोन वाजायच्या आत.