कोण म्हणे?

मंगळावरच्या वसाहतीत राहणाऱ्या शाल्मलीचा निबंध एका शब्दापाशी अडला होता. 'तिसऱ्या टाकीचं पाणी विषारी आहे म्हणे,' असं तिनं लिहिलं आणि शाळेतल्या चौकस नावाच्या यंत्रमानवाचा लाल दिवा लुकलुकू लागला.

"कोण म्हणे?" त्यानं विचारलं.

"सगळेच!"

"सगळे म्हणजे कोण?"

शाल्मलीनं चिडून 'म्हणे' खोडलं. आता वाक्य कसं ठणठणीत झालं! दिवा मात्र तसाच लाल.

"शब्द खोडलास, शंका कुठे खोडलीस?" चौकस म्हणाला.

मेलं ताकही फुंकून पिणारं यंत्र! इथे तिचा जीव टांगणीला लागला होता. वसाहतीत पाणी कमी पडत होतं आणि सोमवारी आजोबांची टोमॅटोची बाग बंद होणार होती. तीस वर्षं जपलेली बाग! पाणी वाचवायचे उपाय सांगणारा हा निबंध उद्या सभेत वाचायचा होता. तो पटला तरच बाग वाचणार होती.

तिनं तीन जाडजूड अहवाल त्याच्यापुढे आपटले. "बघ, तिन्हीत हेच लिहिलंय."

"तिघांनीही पाणी तपासलं होतं का?"

आता मात्र शाल्मलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिनं अहवालांची शेवटची पानं उघडली. तिथे संदर्भ (माहिती कुठून घेतली त्याची नोंद) दिलेले असतात. तिसऱ्या अहवालानं माहिती घेतली होती दुसऱ्यातून, दुसऱ्यानं पहिल्यातून.

"म्हणजे एक बोलला आणि दोघांनी त्याची री ओढली? मग पहिल्याला कुणी सांगितलं?"

पहिल्याचा संदर्भ होता, 'टाकीघराची नोंदवही, पान ४६'. हाच मूळ स्रोत (गोष्ट पहिल्यांदा जिथे लिहिली गेली ती जागा). जुन्या कपाटातून वही निघाली. पानावर लिहिलं होतं: 'तिसऱ्या टाकीच्या पाण्याची चव विचित्र. विषारी असेल का? तपासावे.'

पहिल्या अहवालात त्याचं 'विषारी असावे' झालं होतं, दुसऱ्यात 'बहुधा विषारी' आणि तिसऱ्यात नुसतं 'विषारी'. प्रश्नचिन्ह वाटेतच गळून पडलं होतं.

ते लांब शेपटीचं 'त' तिच्या ओळखीचं होतं. वही घेऊन ती थेट बागेत धावली.

"अगं, हे तर माझंच अक्षर!" आजोबा पानावर वाकून म्हणाले. "तेव्हा टाकीघर मीच सांभाळायचो. तपासायचं राहूनच गेलं बघ. पुढे अहवाल छापून आला, तेव्हा वाटलं, कुणीतरी तपासलं असेल. स्वतःच्याच प्रश्नाला तीस वर्षं घाबरलो मी!"

"म्हणजे पाणी चांगलं आहे!" शाल्मलीनं उडी मारली.

मागून लाल दिवा लुकलुकला. "कोण म्हणे?"

ती ओशाळली. खरंच की, विषारी असल्याचा पुरावा नव्हता, तसा चांगलं असल्याचाही कुठे होता? मग तिघं प्रयोगशाळेत गेली. पाण्याचे तीन नमुने तीनदा तपासले. पाण्यात गंज होता, विषाचा मात्र थेंब नव्हता. गाळून घेतलं की बागेला चालणार होतं.

दुसऱ्या दिवशी सभेत निबंध वाचून झाल्यावर अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे संशयानं पाहिलं. "तिसऱ्या टाकीचं पाणी वापरता येईल? कोण म्हणे?"

"मी म्हणते," शाल्मली म्हणाली आणि तिनं शेवटचं पान उलटून पुढे धरलं. त्यावर तपासणीचे सगळे आकडे होते आणि सर्वांत वर लिहिलं होतं: 'टाकीघराची नोंदवही, पान ४६. लेखक: माझे आजोबा. प्रश्नचिन्हासह.'

सोमवारी बागेत नवा नळ बसला.