आकाशगंगांमधली ऊब

१९५७ सालच्या एप्रिलात वैनगंगा ओलांडताना डोंग्यात भागीरथाच्या वहीतला एक कागद उडाला. समोर बसलेल्या तरुणाने तो पाण्यावर पडायच्या आत झेलला. त्याचं नाव मुखरू. आरमोरीला टसर रेशमाच्या कोशांच्या केंद्रात कामाला होता. कागद परत देताना त्याने आकडेमोडीकडे पाहिलं… मग तिच्याकडे.

“हे कायचं गणित हाये, बाई?”

ती नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, सुट्टीसाठी गावी निघाली होती. तिने सांगितलं, आकाशगंगांच्या मधली जागा रिकामी नसावी. तिथे फार विरळ वायू असावा. सुरुवातीला तो थंडगार असेल. मग पहिले तारे पेटले, त्यांच्या प्रखर किरणांनी जवळचा वायू तापला, आणि ती ऊब पसरत सगळीकडे पोचली — असं तिला वाटत होतं. प्राध्यापक म्हणाले होते, पुरावा नाही.

“मंग आता कोन शोधून राह्यलं?”

“मी,” भागीरथा म्हणाली.

तो हसला नाही. म्हणूनच लक्षात राहिला.

ती सकाळी मोहफुलं वेचायला जायची, आणि कोशांची टोपली घेऊन मुखरूची वाटही नेमकी तिकडूनच असायची. रोज एक प्रश्न. ताऱ्यांच्या आधी उजेड नव्हता का? एवढ्या लांबची ऊब मोजायची कशी? एकदा तिने विचारलं, तुम्हाला खरंच त्या वायूचं पडलंय का?

“अर्धं वायूचं…” म्हणत तो टोपली सावरू लागला.

मे महिन्यात तिच्या वडिलांनी, नानाजींनी, चिमूरचं स्थळ आणलं. मुलगा चांगला होता; पण लग्नानंतर शिक्षण बंद, ही अट. भागीरथाने नाही म्हटलं. नानाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर तिने मुखरूला सगळं सांगितलं.

“मले तुमी पायजे,” तो म्हणाला. “पन शिकनं सोडलेल्या नाई.”

“मंग हे माह्या बाबाले सांगा. मी बाजूले उभी राह्यते.”

त्याच दुपारी दोघं ओसरीवर उभी राहिली. नानाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“इचं ते गणित तुले समजते का?”

“नाई, नानाजी. पन उत्तर भेटल्याबिगर ह्या थांबनार नाई, एवढं समजते.”

किती वर्षं लागतील, नानाजींनी लेकीला विचारलं. परीक्षेला एक, ती म्हणाली. वायूचं सांगता येत नाही.

मग नानाजी दौत मागवून चिमूरला नकार लिहायला बसले. भागीरथाने मुखरूकडे पाहिलं — आणि बापासमोरसुद्धा नजर खाली घेतली नाही.