सात नंबरच्या खांबापाशी

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा लवंगी त्याला उडवणारच होती.

रॅकच्या दोन रांगांमधून ती आपली फोर्कलिफ्ट घेऊन आली, वळणावर नेहमीसारखा हॉर्न दिला आणि बघते तर काय, वाटेच्या मधोमध एक माणूस गुडघे टेकून फरशीवर पिवळी पट्टी चिकटवतोय. तिने गाडी थांबवली आणि सीटवरून खाली वाकली.

"अहो, हॉर्न ऐकू येत नाही का?"

"आला की." त्याने मान वर केली नाही. "पण उठलो असतो तर पट्टी वाकडी गेली असती."

"आणि तुम्ही सपाट झाला असता, ते चाललं असतं?"

मग मात्र त्याने वर पाहिलं. चष्म्यावर धूळ, कपाळावर घाम, ओठांत पट्टीचा एक तुकडा धरलेला. तुकडा काढून तो हसला. "तुम्ही थांबाल हे माहीत होतं. सकाळपासून बघतोय, या गोदामात प्रत्येक वळणावर हॉर्न देणारं एकच माणूस आहे."

आता हे कौतुक की चेष्टा, तिला कळेना. म्हणून तिने पुन्हा एकदा हॉर्न दिला, उगाचच, आणि तो बाजूला सरकला.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. उंचीने बेताची आणि जिभेने तिखट, म्हणून मुकादमकाकांनी ठेवलेलं. ते इतकं चिकटलं होतं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तरी तिचं लक्ष जात नसे. आणि तो? तो बिनचालकाच्या फोर्कलिफ्ट बसवायला आलेला इंजिनियर. गाडी चालवणारा तिच्यात बसतच नाही म्हटल्यावर चालकांना आपल्या नोकरीची काळजी लागली होती. मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, कुणाला काढणार नाही, काहीजण माल भरायच्या कामावर जातील आणि नव्या गाड्यांची देखरेख लवंगी करेल. तरीही काका दिवसभर इंजिनियरकडे असे बघत, जणू तो घर बघायला आलेला भाडेकरू.

लवंगीला मात्र भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त. पहिली नवी गाडी आली तशी ती तिच्याभोवती फेऱ्या मारू लागली.

"हिचे डोळे कुठे आहेत?"

"हे काय, वर. आणि दोन खाली."

"समोर माणूस आला तर?"

"थांबते. तुमच्या टॅबवर निरोप येतो, मार्गात अडथळा. मग ऑपरेटरने स्वतः येऊन बघायचं. तो म्हणेपर्यंत ही जागची हलत नाही."

"बरीच आज्ञाधारक आहे. आणि रस्ता कुणी सांगितला हिला?"

"तुम्ही सांगायचा." त्याने तिच्या हातात चावी ठेवली. "तीन-चार वेळा हाताने चालवून दाखवायची. कुठे वळायचं, कुठे किती वेग, सगळं ही लक्षात ठेवते. तुम्ही जशी चालवाल तशी ही चालणार."

"म्हणजे हॉर्नसुद्धा देईल?"

"तो मी मुद्दाम बसवून घेतलाय," तो म्हणाला आणि लगेच चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छ होता...

तर लवंगीने गाडीला रस्ता शिकवला. माल उतरवायच्या दारापासून रॅकच्या रांगांतून, सात नंबरच्या खांबावरून वळसा घेऊन परत. त्या खांबापाशी इंजिनियरने एक टेबल टाकलं होतं. लॅपटॉप, पाण्याची बाटली, वायरींचं भेंडोळं. "वरची केबिन रिकामी पडलीय, गार हवा आहे, आणि हा बाबा इथे धुळीत बसतो," असं काका येताजाता पुटपुटत. चोखंदळ दिसतो, असं लवंगीला वाटे. तेवढंच वाटे, असं ती स्वतःला सांगत होती.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आपली आपण चालू लागली. सगळं गोदाम बघायला जमलं. गाडी वळली, गाडीने मालाचं पॅलेट उचललं, गाडीने हॉर्न दिला आणि काकांनी नकळत टाळी वाजवली. मग गाडी सात नंबरच्या खांबापाशी आली, मंद झाली, जवळजवळ थांबलीच, आणि क्षणभराने पुन्हा निघाली. समोर कुणी नव्हतं. दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीलाही.

"दमली असेल," काका म्हणाले.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. मागून येणाऱ्या गाड्या तिच्यामुळे खोळंबत होत्या. शनिवारी मॅनेजरबाई चाचणी घेणार होत्या, ती पास झाली तरच गाड्या राहणार. आणि पास झाली की इंजिनियर दुसऱ्या गावच्या गोदामाकडे निघणार. हे शेवटचं त्याने सहज सांगितलं. लवंगीला मात्र ते सहज ऐकता आलं नाही.

मग दोघांची शोधमोहीम सुरू झाली. त्यांनी फरशी पुसली. गाडीचे डोळे पुसले. छताच्या काचेतून येणारं ऊन त्या जागी पडतं का, म्हणून तिने पुठ्ठा धरला आणि तो मागे सरकत सरकत बघत राहिला. एका दुपारी पत्र्यावर पाऊस असा कोसळायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. बोलायचं तर कानाशी यावं लागे.

"फरशीला उतार असेल!" ती त्याच्या कानाशी ओरडली.

"काय?"

"उतार!"

त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तरी तिने तिसऱ्यांदा सांगितलं. पुठ्ठ्याचा आणि ओल्या धुळीचा वास, त्याच्या बाहीवर लागलेलं ग्रीस, आणि इतक्या जवळ... पाऊस थांबला तेव्हा दोघंही एकदम दोन पावलं मागे झाली.

घरी वहिनीच्या नजरेतून काय सुटणार? "हल्ली डब्यात दोन पोळ्या जास्त लागतात," ती कणीक मळता मळता म्हणाली. "नवी गाडी पोळ्या खाते वाटतं?"

"काम वाढलंय, वहिनी."

"दिसतंय ना. कामाला चष्मा आहे का?"

लवंगीने वहिनीच्या हातून लाटणं काढून घेतलं आणि सगळ्या पोळ्या स्वतः लाटल्या. एकही गोल झाली नाही.

शोध लागला तो दुसऱ्याच दिवशी, आणि तोही तिच्या पायाला. आपली जुनी फोर्कलिफ्ट घेऊन ती खांबाकडे आली आणि तिचा उजवा पाय पॅडलवरून अलगद उचलला गेला. तिने नव्हता उचलला. तो आपला आपणच उचलला गेला. गाडी मंद झाली, टेबलाशी वाकलेलं ते डोकं वर झालं, तो हसला, आणि पाय पुन्हा खाली गेला.

तिने खात्री करायची ठरवली. तो चहाला गेला तेव्हा एक फेरी मारली. पाय हलला नाही. तो परत येऊन बसल्यावर आणखी एक. पाय उचलला. नको नको म्हणत असताना उचलला. म्हणजे शिकवतानाही प्रत्येक वेळी हेच झालं होतं, आणि त्या बिचाऱ्या गाडीने ते इमानदारीने गिरवलं होतं. तिच्या मनातलं सगळ्या गोदामासमोर करून दाखवत होती ती, दर फेरीला.

आता काय करावं? गप्प बसलं तर दोष सापडणार नाही आणि तो इथेच राहील, निदान काही दिवस तरी. सांगितलं तर गाडी सुधारेल आणि तो जाईल. शिवाय सांगायचं कुठल्या तोंडाने? शुक्रवारपर्यंत ती गप्प राहिली. आपण लबाडी करतोय हे तिला कळत होतं, आणि तरी ते टेबल उद्याही तिथे असावं असं फार वाटत होतं.

शुक्रवारी मॅनेजरबाई खाली आल्या. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं. "आठवडा झाला. तुम्हाला तुमचीच गाडी कळत नसेल तर मी ती कशी ठेवू? उद्या हेच झालं तर परत पाठवते, आणि का पाठवली तेही तुमच्या कंपनीला कळवते."

इंजिनियर खाली मान घालून उभा होता. लवंगीला राहवेना. बाई गेल्या तशी ती टेबलापाशी आली.

"गाडीत दोष नाही. माझ्यात आहे. शिकवताना मी इथे हळू होत होते."

"का?" अगदी हळू विचारलं त्याने.

"कारण..." तिने वायरींच्या भेंडोळ्याकडे बघत सांगून टाकलं. "तुम्ही इथे बसलेले असता म्हणून."

तो बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"मग... पुन्हा शिकवावं लागेल," तो म्हणाला.

एवढंच? लवंगीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "शिकवते की," ती म्हणाली. "टेबल तेवढं हलवा, साहेब." साहेब तिने त्याला आजवर कधी म्हटलं नव्हतं.

त्याने मुकाट्याने टेबल उचलून वरच्या केबिनमध्ये नेलं. तिने गाडीला नव्याने रस्ता शिकवला, ओठ घट्ट मिटून, नजर समोर ठेवून. रिकाम्या खांबापाशी पाय जरासुद्धा हलला नाही. डोळे तेवढे भरून येत होते, पण गाडीला ते कळत नाही, हे एक बरं होतं.

शनिवारी गाडी सात नंबरच्या खांबावरून सरळ गेली. दहा वेळा गेली, एकदाही मंद झाली नाही. मॅनेजरबाईंनी सही केली, चालकांनी इंजिनियरशी हात मिळवले. काकासुद्धा म्हणाले, "पोरगं कामाचं निघालं." लवंगी आपल्या नव्या खुर्चीत टॅब घेऊन बसली. दाराशी त्याची बॅग भरून ठेवलेली होती. तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं आणि दर मिनिटाला बघत होती.

तेवढ्यात टॅब वाजला. मार्गात अडथळा. खांब क्रमांक सात.

पुठ्ठा पडला असेल, असं म्हणत ती उठली. रांगेचं वळण घेऊन ती पुढे झाली आणि थांबली. गाडी दिवे मिचकावत उभी होती. तिच्यासमोर, पिवळ्या पट्टीच्या बरोब्बर मधोमध, तो हाताची घडी घालून उभा होता.

"हे काय आता?"

"अडथळा."

"बाजूला व्हा. मागे गाड्या खोळंबल्यात."

"नियम काय आहे? ऑपरेटरने स्वतः येऊन बघायचं."

"बघितलं."

"नीट बघा." त्याने हाताची घडी सोडली. "काल मला बोलता आलं नाही. गाडी मंद होत होती ती शिकवण्यामुळे, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. पण का, ते विचारायची हिंमत होत नव्हती. वाटलं, आपण भलताच अर्थ काढला आणि तुम्ही हसलात तर... म्हणून फरशी पुसत राहिलो."

"आणि मला पुठ्ठा धरायला लावलात? उन्हाचा काही संबंध नसताना?"

"तेवढा वेळ तुम्ही शेजारी होतात ना." तो घुटमळला. "आणखी एक. मला पहिल्या दिवसापासून वरची केबिन दिली होती. टेबल इथे मीच आणलं. इथून तुमची गाडी वळताना दिसते म्हणून."

हसू दाबायचा लवंगीने बराच प्रयत्न केला, पण ओठ ऐकेनात. मागून दोन हॉर्न वाजले आणि काकांची हाक आली, "काय गं, काय अडकलंय तिथे?"

"बघतेय, काका," ती ओरडली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "ते दुसरं गाव किती लांब आहे?"

"बसने तासभर. रोज संध्याकाळी परत येता येतं."

"मग ये." तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तिने टॅबवर बोट ठेवलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "आता हो बाजूला. गाडीला जाऊ दे, तू थांब."

तो बाजूला झाला. गाडीने हॉर्न दिला आणि त्या दोघांच्या शेजारून, जराही मंद न होता, निघून गेली.