शीतखोलीतली पिशवी

शीतखोलीचं दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पापण्यांवर हिव साचलेलं. गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनवर उभी हयात घालवलेली बाई, आपल्याच नमुन्यांच्या बाटल्यांशेजारी गारठून गेली होती.

"आत्महत्या, दुसरं काय!" सहायक म्हणाला. बाईंच्या हाताखाली वाढलेला, बोलायला मोठा गोड माणूस. "औषध फसलं. गाभण उंदरिणींचे गर्भ गेले. बाईंनी हाय खाल्ली. मागे फिरायला नको म्हणून दाराची आतली मूठ स्वतःच काढली. औषध घेणाऱ्या बायकांना मी सकाळीच फोन केले, गोळ्या बंद करा म्हणून."

 त्या बायकांत इन्स्पेक्टरची धाकटी बहीण होती. दोनदा गर्भ गेला होता. या खेपेला कुठे पाचवा लागला होता. तिचा फोन येऊन गेलाच होता. "ताई, गोळी घेऊ का नको गं?"

"थांब जरा, सांगते," एवढंच इन्स्पेक्टर बोलली. बाई गेल्याचं सांगायला तिची जीभ रेटेना.

मूठ जमिनीवर होती, शेजारी स्क्रूही. पण स्क्रूड्रायव्हर काही आत सापडेना. बाईंच्या खिशात मात्र घट्ट बांधलेली पिशवी होती. आत चिमूटभर ओला भुसा. इन्स्पेक्टरने ती कोणाला न दाखवता ठेवून दिली.

मग तिने उंदरिणींच्या खोलीत पिंजरे सांभाळणाऱ्याला गाठलं. सगळे त्याला उंदीरमामा म्हणत.

"औषध दिलेल्यांचेच गर्भ गेले?"

"नाही हो. तुलनेसाठी साध्या पाण्यावर ठेवलेल्या, त्यांचेही. मी आजारी होतो, घरी पडून. परत येऊन बघतो, तर एकीचंही पोट वाढेना."

"हा उग्र वास रोजचा?"

"छे! हा नरांकडचा. नवरदेवाचं काम झालं की त्याची रवानगी पलीकडे, बाईंचा कडक नियम. तिकडे लाकडाचा भुसा, इकडे फक्त कागदाचे कपटे. हे तिकडचं इकडे चालायचं नाही."

हा नियम कशासाठी, ते तिने संस्थेच्या प्रमुखांना विचारलं. उत्तर ऐकलं आणि ती तडक सहायकाकडे गेली.

सहायक खुर्चीत आरामात बसला होता.

"उंदरिणींकडे शेवटचे कधी गेलात?"

"झाला असेल महिना. मला तिथे शिंका येतात."

"बाईंच्या खिशात एक पिशवी मिळाली. उंदरिणींच्या पिंजऱ्यातून काहीतरी घेतलं होतं त्यांनी."

"मूठभर भुशावरून काय डोंबल कळणार?" तो हसला.

इन्स्पेक्टर हसली नाही.

"भुसा म्हणाले मी? उंदरिणींकडे कागदाचे कपटे असतात. मधे तिथे भुसा होता हे टाकणाऱ्यालाच माहीत. नुकत्याच गाभण झालेल्या उंदरिणीला परक्या नराचा वास लागला, की तिचं हार्मोन उतरतं आणि गर्भ रुजतच नाही. बाईंचं औषध रुजलेला गर्भ सांभाळतं. न रुजलेल्याला ते काय करणार? म्हणून तर साध्या पाण्यावरच्यांचेही गेले. मामा आजारी पडला आणि तुमचं फावलं. नरांचा भुसा टाकलात, मग उचलून पुन्हा कपटे पसरलेत. पण बाईंना वास आला. राहिलेला भुसा त्यांनी वेचला आणि पुरावा गोठवायला आत गेल्या. मरायला निघालेली बाई पुरावा जपते होय? मूठ तुम्ही आधीच काढून ठेवली होती. म्हणून स्क्रूड्रायव्हर बाहेर राहिला."

"माझं औषध सरस होतं!" सहायक ओरडला. "सगळा जन्म तिच्या मागे उभं राहण्यात गेला माझा!"

"आणि त्या बायकांची लेकरं? ती तुमच्या कुठे आड आली होती?"

हवालदारांनी त्याला नेलं. प्रमुखांनी स्वतः एकेकीला फोन लावला, गोळ्या चालू ठेवा म्हणून.

थोड्या वेळाने धाकटीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, घेतली गं गोळी! आणि ऐक ना, बाळ आज पहिल्यांदा हललं! डॉक्टरबाईंना केव्हाची फोन लावतेय, उचलतच नाहीत. तू तिथेच आहेस ना? दे की त्यांना. सगळ्यांत आधी त्यांनाच सांगायचंय मला."

पांढऱ्या चादरीखाली बाईंना तेवढ्यात समोरून नेत होते. 

"बाई गेल्या गं," इन्स्पेक्टर म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.